शाश्वत प्रस्तरारोहण साहित्य उद्योग

प्रस्तरारोहणासाठी लागणारे दोर, कॅराबिनर, हार्नेस, स्लिंग, बूट, चॉक, क्रॅश पॅड, बोल्ट इत्यादी साहित्य पर्यावरणावर व कातळावर कमीत कमी भार पडेल अशा रीतीने तयार करणाऱ्या व विकणाऱ्या उद्योगाला शाश्वत प्रस्तरारोहण साहित्य उद्योग म्हणतात. या क्षेत्रातील अनेक कंपन्यांची सुरुवात गिर्यारोहकांनी स्वतःच्या गरजेसाठी चालवलेल्या लहान कार्यशाळांतून झाली आहे. इतर ग्राहकोपयोगी वस्तूंपेक्षा या उद्योगाची अडचण वेगळी आहे. वस्तू जास्तीत जास्त काळ वापरली जावी, दुरुस्त व्हावी व तिचे दुसऱ्या वस्तूत रूपांतर व्हावे अशी शाश्वततेची अपेक्षा असते. तर ज्या साधनावर जीव अवलंबून आहे ते शंका येताच बाद करावे, असा सुरक्षिततेचा नियम असतो. या दोहोंतील ताण हा या उद्योगातील बहुतेक निर्णयांच्या मुळाशी असतो.

भारतात प्रस्तरारोहणाची जुनी परंपरा असलेल्या प्रदेशांत सह्याद्रीचा समावेश होतो. नवी मुंबई येथे इ.स. २०१६ व २०१७ मध्ये झालेल्या विश्वचषक स्पर्धांमुळे या क्रीडाप्रकाराला भारतात नवा प्रेक्षकवर्ग मिळाला व त्याबरोबर साहित्याच्या उपलब्धतेचा प्रश्नही पुढे आला.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धापूर्वी गिर्यारोहक मनिला किंवा तागवर्गीय तंतूंचे दोर वापरत. ओले झाल्यावर ते जड होत, आतून कुजत आणि मोठ्या पडण्यात तुटण्याचा धोका असे. युद्धकाळात नायलॉनचा प्रसार झाल्यानंतर या दोरांची जागा नायलॉनच्या पिळाच्या दोरांनी घेतली. इ.स. १९५३ मध्ये जर्मनीतील एडेलरिड या कंपनीने गाभा व त्यावर विणलेले वेष्टन अशा रचनेचा दोर तयार केला. आजचे बहुतेक सर्व आरोहण दोर याच रचनेचे असतात.

कड्यावर आधार घेण्यासाठी त्या काळी पिटॉन म्हणजे भेगेत हातोड्याने ठोकायची धातूची मेख वापरली जाई. युरोपातील पिटॉन मऊ लोखंडाचे असत व एकदा ठोकल्यावर बहुधा कातळातच सोडले जात. अमेरिकेतील योसेमिटी खोऱ्यात जॉन सालाथे या स्विस वंशाच्या लोहाराने १९४० च्या दशकात कठीण पोलादाचे पिटॉन घडवले. ते ठोकून पुन्हा काढता येत व अनेकदा वापरता येत.

शुइनार्ड इक्विपमेंट

या उद्योगाच्या इतिहासातील सर्वाधिक चर्चिले जाणारे उदाहरण अमेरिकी गिर्यारोहक इव्हॉन शुइनार्ड (जन्म: इ.स. १९३८) यांच्या कंपनीचे आहे. इ.स. १९५७ मध्ये त्यांनी जुनी भट्टी व ऐरण विकत घेतली आणि लोहारकाम स्वतः शिकून क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे पिटॉन घडवण्यास आरंभ केला. इ.स. १९६५ मध्ये टॉम फ्रॉस्ट हे त्यांचे भागीदार झाले. इ.स. १९७० पर्यंत शुइनार्ड इक्विपमेंट ही अमेरिकेतील प्रस्तरारोहणाच्या धातुसाहित्याची सर्वांत मोठी पुरवठादार कंपनी बनली होती आणि पिटॉन हा तिच्या विक्रीचा मुख्य आधार होता.

कठीण पिटॉन पुन्हापुन्हा वापरता येत असल्याने ते कातळात सोडून द्यावे लागत नसत. मात्र हाच गुण अपायकारक ठरला. लोकप्रिय मार्गांवर प्रत्येक चमू तीच भेग ठोकून रुंद करू लागला. ठोकणे व काढणे या दोन्ही क्रियांनी ग्रॅनाइटच्या कडा तुटत गेल्या व भेगांवर खोबणी पडल्या. वस्तू पुनर्वापरायोग्य असली तरी तिच्या वापराच्या पद्धतीमुळे परिसराची झीज होऊ शकते, हे यातून स्पष्ट झाले.

यावर शुइनार्ड व फ्रॉस्ट यांनी आपला मुख्य माल हळूहळू मागे घेण्याचा निर्णय घेतला. पर्याय म्हणून त्यांनी हाताने भेगेत बसवता व काढता येणारे ॲल्युमिनियमचे चोक पुढे आणले. ही कल्पना ब्रिटनमधून आली होती. तेथील गिर्यारोहक यंत्रांचे नट दोरीत ओवून भेगांत अडकवत असत. इ.स. १९७२ च्या कंपनीच्या विक्रीपत्रिकेत डग रॉबिन्सन यांचा हातोड्याविना आरोहण कसे करावे हे समजावणारा दीर्घ लेख छापला गेला. त्यानंतर काही महिन्यांतच पिटॉनची मागणी घसरली आणि चोकची मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली. ही पद्धती पुढे ‘स्वच्छ आरोहण’ या नावाने ओळखली गेली.

शुइनार्ड यांची पॅटागोनिया ही वस्त्रांची कंपनी इ.स. १९७३ मध्ये स्थापन झाली. तिने इ.स. १९९६ पासून आपल्या सुती कपड्यांसाठी केवळ सेंद्रिय कापूस वापरण्यास आरंभ केला. इ.स. २००२ मध्ये शुइनार्ड यांच्या पुढाकाराने विक्रीचा एक टक्का पर्यावरणकार्यास देणाऱ्या व्यवसायांची संघटना स्थापन झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये शुइनार्ड कुटुंबाने पॅटागोनियाची मालकी एक न्यास व एक ना-नफा संस्था यांच्याकडे सोपवली.

धातुसाहित्याच्या मूळ कंपनीचे भवितव्य मात्र वेगळे होते. अपघातांनंतर वापराच्या सूचना व धोक्याचे इशारे अपुरे असल्याचे दावे तिच्यावर दाखल झाले, विम्याचा खर्च वाढला आणि इ.स. १९८९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी कायद्याचे संरक्षण मागितले. कर्मचाऱ्यांच्या गटाने तिची मालमत्ता विकत घेऊन ब्लॅक डायमंड इक्विपमेंट ही नवी कंपनी सुरू केली. आपला सर्वाधिक खपाचा माल मागे घेऊनही तगलेली ही कंपनी उत्पादनाच्या कायदेशीर उत्तरदायित्वापुढे टिकली नाही. प्रस्तरारोहण साहित्याच्या लहान उद्योगांच्या अभ्यासात या दोन्ही घटना एकत्र पाहाव्या लागतात.

कच्चा माल व त्याचे परिणाम

दोर, स्लिंग व हार्नेस: आरोहणाचे दोर मुख्यतः पॉलिअमाइड म्हणजे नायलॉनपासून बनतात. हा तंतू ताणला जाऊन पडण्याची ऊर्जा शोषतो. त्यामुळे त्याला नैसर्गिक तंतूंचा पर्याय उरलेला नाही. खनिज तेलापासून नायलॉन तयार करण्यास बरीच ऊर्जा लागते. नायलॉन ६ या प्रकाराचे रासायनिक विघटन करून मूळ घटक परत मिळवता येतो. मात्र दोरातील रंग, लेप व मिश्र तंतू यांमुळे ही प्रक्रिया अवघड होते. दोराच्या वेष्टनाचा रंग बदलताना कारखान्यात उरणारे सूत वापरून बहुरंगी दोर विणणे हा कचरा कमी करण्याचा सोपा मार्ग आहे आणि काही युरोपीय कंपन्या असे दोर विकतात. सूत नवेच असल्याने दोराच्या बळावर त्याचा परिणाम होत नाही.

धातू: कॅराबिनर बहुधा ॲल्युमिनियमच्या उच्च बळाच्या मिश्रधातूंपासून घडवले जातात. भंगारापासून ॲल्युमिनियम मिळवण्यास खनिजापासून मिळवण्याच्या तुलनेत सुमारे ५ टक्के ऊर्जा लागते. परंतु मिश्र भंगारात घटकांचे प्रमाण नेमके राखणे कठीण असल्याने जुन्या कॅराबिनरचा धातू पुन्हा कॅराबिनरमध्ये न जाता बहुधा ओतकामाच्या कमी जोखमीच्या वस्तूंमध्ये जातो.

बूट: आरोहण बुटांच्या तळव्याचे रबर झिजते, वरचा भाग मात्र बराच काळ चांगला राहतो. त्यामुळे नवा तळवा बसवणे ही या उद्योगातील सर्वाधिक रुळलेली दुरुस्ती आहे. अंगठ्याजवळील पट्टीला भोक पडण्याआधी बूट दुरुस्तीला दिल्यास एकाच जोडीला अनेक वेळा तळवा बसवता येतो.

चॉक: हातांचा घाम शोषण्यासाठी वापरले जाणारे चॉक हे मॅग्नेशियम कार्बोनेट असते. ते खाणीतून काढलेल्या खनिजापासून मिळते व कातळावर पांढरे डाग सोडते. मार्ग सोडण्यापूर्वी ब्रशने पकडी स्वच्छ करण्याचा संकेत यातूनच रूढ झाला.

जलरोधक लेप: दोर व कापड पाणी शोषू नये म्हणून दीर्घकाळ फ्लोरिनयुक्त रसायने वापरली गेली. ही रसायने निसर्गात विघटित होत नाहीत. त्यांपैकी पीएफओएस व पीएफओए यांचा समावेश स्टॉकहोम कराराच्या यादीत अनुक्रमे इ.स. २००९ व २०१९ मध्ये झाला. त्यानंतर अनेक उत्पादक फ्लोरिनविरहित लेपांकडे वळले.

सुरक्षा मानके व आयुर्मर्यादा

आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाची (यूआयएए) स्थापना इ.स. १९३२ मध्ये झाली व त्याचे सुरक्षा चिन्ह इ.स. १९६० पासून दिले जाते. युरोपीय मानक ईएन ८९२ नुसार एकेरी दोराच्या चाचणीत ८० किलोग्रॅम वजन ठरावीक पद्धतीने वारंवार खाली सोडले जाते. दोराने किमान ५ आघात सहन करावे लागतात व पहिल्या आघातातील बल १२ किलोन्यूटनपेक्षा अधिक असून चालत नाही. सर्वसाधारण कॅराबिनरला लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन बल सहन करावे लागते. चाचणीत वापरलेला नमुना पुन्हा विकता येत नाही.

युरोपीय संघाच्या २०१६/४२५ या नियमावलीत उंचीवरून पडण्यापासून रक्षण करणारी साधने सर्वोच्च जोखमीच्या तिसऱ्या वर्गात मोडतात. त्यांच्यासाठी केवळ एकदा नमुन्याची तपासणी पुरत नाही. मान्यताप्राप्त संस्थेची उत्पादनावरील देखरेखही आवश्यक असते.

तंतूंपासून बनलेल्या साधनांसाठी अनेक उत्पादक कमाल १० वर्षांची मर्यादा देतात. ही मर्यादा न वापरलेल्या साधनालाही लागू असते. नियमित वापरातील दोर याहून कितीतरी आधी बाद करावा लागतो. मोठा आघात, धारदार कडेवर घासणे, वेष्टन फाटणे किंवा बॅटरीच्या आम्लाशी संपर्क येणे ही दोर तत्काळ बाद करण्याची कारणे आहेत. आम्लाने झालेली हानी डोळ्यांना दिसतेच असे नाही. याच कारणास्तव वापरलेले दोर व हार्नेस यांची पुनर्विक्री जबाबदार कंपन्या करत नाहीत आणि हार्नेसच्या भार पेलणाऱ्या शिलाईची दुरुस्तीही सहसा केली जात नाही. बाद दोर तुकडे करूनच द्यावा, म्हणजे तो नकळत पुन्हा आरोहणासाठी वापरला जात नाही.

सह्याद्रीतील परिस्थिती

सह्याद्रीचा कातळ प्रामुख्याने बेसॉल्टचा आहे. लाव्हाच्या एकावर एक थरांमुळे येथे उभे कडे व त्यांच्यामध्ये मुरमाड, ठिसूळ पट्टे असा क्रम आढळतो. तेलबैला, नागफणी, लिंगाणा, जीवधनजवळील वानरलिंगी, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ही येथील प्रसिद्ध आरोहणस्थळे आहेत. योसेमिटीच्या ग्रॅनाइटमध्ये आढळणाऱ्या लांब, सलग भेगा येथे कमी असतात. त्यामुळे केवळ काढता येणाऱ्या चोकवर विसंबून प्रत्येक मार्ग चढणे शक्य होत नाही व अनेक ठिकाणी कातळात छिद्र पाडून बोल्ट बसवावे लागतात.

अशा प्रदेशात ‘स्वच्छ आरोहण’ या कल्पनेचा अर्थ बदलतो. साध्या पोलादाचा बोल्ट सह्याद्रीच्या पावसात गंजतो. काही वर्षांनी त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही म्हणून पुढचा चमू शेजारी दुसरे छिद्र पाडतो आणि एकाच जागी निकामी बोल्टांची रांग तयार होते. स्टेनलेस पोलादाचा बोल्ट महाग असला तरी तो दीर्घकाळ टिकतो व नव्या छिद्रांची गरज कमी करतो. समुद्राजवळील खाऱ्या हवेत मॉलिब्डेनमयुक्त, अधिक गंजरोधक प्रकार वापरावा लागतो. सह्याद्रीतील अनेक सुळक्यांवर स्वयंसेवी गिर्यारोहकांनी जुने बोल्ट बदलून स्टेनलेस पोलादाचे बोल्ट बसवले आहेत. थोडक्यात, जेथे भेगा आहेत तेथे काढता येणारे साधन आणि जेथे नाहीत तेथे टिकणारे साधन, असा भेद येथे करावा लागतो.

नवी मुंबई

नवी मुंबईच्या नियोजनासाठी सिडको या महामंडळाची स्थापना इ.स. १९७० मध्ये झाली. शहराच्या पूर्वेकडे पारसिकची डोंगररांग व खारघरच्या टेकड्या आहेत. सी.बी.डी. बेलापूर येथील टेकडीवरील शिळा मुंबई परिसरातील प्रस्तरारोहकांचे सरावाचे ठिकाण आहे. इ.स. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या गिरिविहार या मुंबईतील गिर्यारोहण संस्थेने येथील नैसर्गिक कातळावर अनेक वर्षे स्पर्धा भरवल्या. याच संस्थेच्या पुढाकाराने मे २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पोर्ट क्लाइंबिंग महासंघाची बोल्डरिंग विश्वचषक स्पर्धा नवी मुंबईत झाली. अशी स्पर्धा भारतात होण्याची ती पहिलीच वेळ होती. जून २०१७ मध्ये ती पुन्हा येथे झाली. ऑगस्ट २०१६ मध्ये या क्रीडाप्रकाराचा टोकियो ऑलिंपिकमध्ये समावेश जाहीर झाला.

साहित्यनिर्मितीच्या दृष्टीने शहराला काही अनुकूलता आहेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या क्षेत्रात रसायन, प्लास्टिक व अभियांत्रिकी उद्योग आहेत. इ.स. १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर जवळ असल्याने आयात कच्चा माल मिळवणे सोपे जाते. दुसरीकडे, येथील दमट हवा व जून ते सप्टेंबरचा जोरदार पाऊस साठवणुकीस प्रतिकूल आहे. नायलॉन ओले झाल्यावर त्याचे बळ घटते. चॉक हवेतील ओलावा शोषते, फोमच्या गाद्यांना बुरशी लागते व पोलादी भाग गंजतात. त्यामुळे कोरडे, हवेशीर व सूर्यप्रकाशापासून दूर असलेले गोदाम हा येथे मालाचे आयुष्य वाढवण्याचा पहिला उपाय ठरतो.

लहान कंपनीचे अर्थकारण

या क्षेत्रातील उत्पादने जोखमीनुसार दोन गटांत विभागता येतात. दोर, हार्नेस, कॅराबिनर व स्लिंग ही जीवरक्षक साधने आहेत. त्यांच्यासाठी महागडी चाचणीयंत्रे, प्रमाणपत्रे व प्रत्येक खेपेची नोंद लागते. चॉकच्या पिशव्या, दोराच्या पिशव्या, ब्रश, क्रॅश पॅडची आवरणे, कपडे इत्यादी वस्तूंवर असा भार नसतो. लहान कंपनीला दुसऱ्या गटापासून सुरुवात करणे परवडते आणि पुनर्वापरित साहित्यासही याच गटात अधिक वाव असतो. बाद दोरांपासून पायपुसणी, पिशव्यांचे बंद किंवा पाळीव प्राण्यांचे पट्टे करता येतात. कापडाच्या कापणीतून उरलेल्या तुकड्यांपासून चॉकच्या पिशव्या शिवता येतात.

शाश्वत पर्याय निवडताना लहान कंपनीपुढे येणाऱ्या प्रमुख अडचणी पुढीलप्रमाणे आहेत.

किमान मागणी: प्रमाणित किंवा पुनर्वापरित सुताचे पुरवठादार मोठ्या खेपेची मागणी करतात. अनेक रंग ठेवल्यास प्रत्येक रंगाचा साठा पडून राहतो. कमी रंग व कमी नमुने ठेवणे हा खर्च व कचरा दोन्ही कमी करणारा निर्णय ठरतो.

दुरुस्ती: दुरुस्तीसाठी कुशल कारागीर व सुटे भाग लागतात. वस्तूची रचना करतानाच बकल, पट्टे व चेन बदलता येतील अशी योजना केल्यास हा खर्च घटतो.

टिकाऊपणा व विक्री: वस्तू अधिक टिकली तर तिची पुन्हा खरेदी उशिरा होते. दुरुस्ती, नवा तळवा बसवणे व साहित्य भाड्याने देणे यांतून काही उत्पन्न मिळू शकते. मात्र भाड्याच्या साहित्याची तपासणी अधिक काटेकोरपणे करावी लागते.

चाचणी: एकाच मानकाच्या चाचणीचा खर्च हजारो नगांवर किंवा काही शेकड्यांवर विभागला जाणे, यामुळे दर नगाच्या किमतीत मोठा फरक पडतो. स्थानिक उत्पादनामुळे वाहतूक वाचली, तरी चाचणीसाठी नमुने परदेशी पाठवावे लागल्यास ती बचत कमी होते.

कायदेशीर चौकट

भारतात १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत २५ कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक व १०० कोटी रुपयांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेला उद्योग लघुउद्योग मानला जातो. सूक्ष्म उद्योगासाठी या मर्यादा अनुक्रमे २.५ कोटी व १० कोटी रुपये आहेत.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादन उत्तरदायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. निर्मितीतील किंवा रचनेतील दोषाबरोबरच वापराच्या पुरेशा सूचना अथवा इशारे न देणे हेही उत्पादकाच्या उत्तरदायित्वाचे कारण ठरू शकते. शुइनार्ड इक्विपमेंटवरील दाव्यांचे स्वरूप पाहता या तरतुदीचे महत्त्व लक्षात येते. महाराष्ट्रातील ग्राहकासाठी मराठीत दिलेली स्पष्ट सूचनापत्रिका ही त्यामुळे केवळ सोय नसून सुरक्षेचा भाग ठरते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणविषयक दाव्यांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यानुसार ‘पर्यावरणस्नेही’, ‘हरित’ यांसारखे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. वेष्टनाच्या बाबतीत प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ व महाराष्ट्र शासनाची मार्च २०१८ ची प्लास्टिकबंदीची अधिसूचना लागू होतात.

टीका व मर्यादा

साहित्याच्या निर्मितीवर भर देताना आरोहकांच्या प्रवासाकडे दुर्लक्ष होते, अशी टीका केली जाते. खासगी वाहनाने किंवा विमानाने केलेल्या प्रवासाचा पर्यावरणीय भार चॉकच्या पिशवीसारख्या लहान वस्तूच्या भारापेक्षा पुष्कळ अधिक असू शकतो. शाश्वततेची जाहिरात ग्राहकाला गरज नसताना नवी वस्तू घेण्यास प्रवृत्त करते, हाही एक आक्षेप आहे.

दुसऱ्या बाजूने, खर्च वाचवण्यासाठी किंवा कचरा टाळण्यासाठी साधनाचे आयुष्य वाढवताना सुरक्षिततेशी तडजोड होण्याचा धोका असतो. साहित्य महाग असल्याने जुना दोर वापरत राहण्याचा मोह लहान संस्था व विद्यार्थी यांना होऊ शकतो. म्हणून जीवरक्षक साधनांच्या बाबतीत शाश्वततेचे प्रयत्न कच्चा माल, निर्मितीतील कचरा, साठवण व बाद केल्यानंतरची विल्हेवाट या टप्प्यांपुरते ठेवावे लागतात. साधन केव्हा बाद करायचे हा निर्णय त्यांपासून स्वतंत्र राहतो.

हेही पाहा

प्रस्तरारोहण
गिर्यारोहण
सह्याद्री
नवी मुंबई
शाश्वत विकास